पा म्हणजे पात

जुबैलच्या कॅम्पात, एफ ब्लॉकच्या मागच्या स्वयंपाकघरात
चार शेगड्या, त्यातल्या दोन चालू,
आणि एक तवा, जो कुणाचाच नव्हता.
शुक्रवारी त्याच्यासाठी नंबर लागायचा:
मी, कोट्टयमचा बिजू,
आणि शटडाउनला वेल्डिंग तपासायला आलेला म्हातारा नाम.
म्हातारा म्हणजे सत्तावन्न. त्या उन्हात
माणूस लवकर म्हातारा दिसतो, मीही दिसत असेन.

तो बाजाराला जायचा नाही.
फ्रिज उघडायचा आणि कुणी काय विसरलंय ते काढायचा:
अर्धं गाजर, मान टाकलेला कोवळा भोपळा,
बिजूच्या डब्यातल्या पाच कोळंब्या,
माझी कांद्याची पात, जी झुणका करू म्हणून आणली
आणि चार दिवस केला नाही.

पात वर धरून म्हणाला, 'पा.'
मी म्हणालो, 'पात.'
'पा.'
'पात.'
बिजूला वाटलं, भांडण लागलं.
'पाजॉन,' तो म्हणाला, आणि सुरी मागितली.

मैदा. पाणी फ्रिजमधलं, दात शिवशिवतील असं.
मीठ, एक अंडं. ढवळायचं थोडंच,
गुठळ्या राहिल्या तर राहू देत, हे हातानं सांगितलं.
भाषा आमची अशीच होती, थोडं इंग्रजी,
थोडी साइटवरची हिंदी,
बाकीचं उलथनं.

वृंदाला फोन लावला, पाचोऱ्याला, पडदाभर तवा दाखवला.
'अहो, हे तर धिरडं!
पीठ भिजू दिलं का तासभर?'
हा म्हणतो, भिजवायचं नाही.
'मग कुरकुरीत होईल, मायाळू नाही होणार.'
हे मी नामला कुठल्या भाषेत सांगणार.

पहिलं मोडलं. आमच्याकडे पहिलं तव्याचंच.
त्याच्याकडेही असावं, कारण ते तो उभ्यानंच संपवायचा,
कुणी पाहायच्या आत.
पुढची आम्ही मिळून खाल्ली,
काळ्या सॉसमध्ये व्हिनेगर आणि माझी हिरवी मिरची घालून.
तो काड्यांनी कडा तोडायचा, मी हातानं.
कडांवरून मात्र खरंच भांडणं झाली.

'पाऊस आला की हे करतात,' एकदा म्हणाला,
आणि तेलाकडे कान देऊन उभा राहिला.
जुबैलला कुठला पाऊस.
एसीच्या नळीखाली बादली होती;
बादली भरली की पाऊस, असं ठरलं.
जुलैत आमच्याकडे रोज पाऊस पडला.
त्यावर तांदळाची पांढरी दारू लागते म्हणे.
लबनची बाटली हलवून त्यानं तीन वाट्यांत ओतली,
दाराकडे चोरासारखं बघत.
आंबट होतं, गार होतं. बिजू थोडा झिंगलासुद्धा.

आणि एका शुक्रवारी, उलथता उलथता,
उलथनं खिडकीबाहेर रोखून —
फ्लेअरची ज्योत, टाक्या, रस्ता, आमचा ब्लॉक —
'ये सब पानी. पानी और खुंटी.'
बावीस वर्षांचा आला होता, बंदर बांधायला.
दिवसा लोखंड, रात्री लोखंड.
मैदा मिळायचा, कांदा मिळायचा, आई पत्रातून.
'उस टाइम में,' म्हणाला, 'हम लोग तुम लोग था.'
व्याकरण चुकलं होतं.
दुरुस्त काय करायचं, ते मला सुचलं नाही.
धिरडं एका बाजूनं करपलं.

शटडाउन संपलं आणि तो बुधवारी गेला,
निरोप वगैरे नाही, साइटवर असंच असतं.
शुक्रवारी फ्रिज उघडला तर
आइस्क्रीमच्या डब्यात मूग. सालं काढलेले, टम्म फुगलेले,
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर माझा लॉकर नंबर.
बिजूच्या मिक्सरमध्ये वाटले. तव्याला नंबर नव्हताच.
'बघा,' वृंदा म्हणाली, 'भिजवलं ना शेवटी?'
तासभर नाही गं. दोन रात्री.

पहिलं मी उभ्यानंच खाल्लं.
मागे कुठंतरी पाणी वाहत होतं;
बादली कुणीच ओतली नव्हती.